हत्याराने मारहाण : गुन्हा दाखल झाल्यावर पुढे काय काय होतं

मारामारीत कुणी हत्यार काढलं आणि गुन्हा दाखल झाला, की दोन्हीकडच्या मंडळींच्या तोंडी तीन आकडे येतात: तीनशे चोवीस, तीनशे सव्वीस, तीनशे सात. हे आकडे आता जुने झाले. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि त्या दिवसापासून घडलेल्या गुन्ह्यांना तिचीच कलमं लागतात. ३२४ चं झालं ११८(१), ३२६ चं झालं ११८(२), आणि ज्याला सगळे ‘हाफ मर्डर’ म्हणतात ते ३०७ आता १०९. त्याआधी घडलेल्या घटनेला मात्र जुनीच कलमं लागू राहतात, त्यामुळे कोर्टाच्या आवारात अजून काही वर्षं दोन्ही आकडे ऐकू येणार.

कलम कोणतं लागणार हे प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरतं. मारणाऱ्याच्या हातात काय होतं आणि मार खाणाऱ्याच्या अंगावर काय उमटलं. सुरुवात कुणी केली, शिवी आधी कुणी दिली, जमीन खरी कुणाची, हे सगळं नंतर. घरची माणसं ठाण्यात जाऊन तासभर जी हकिगत सांगतात ती बहुतेक या ‘नंतर’मधली असते आणि अंमलदार ती कंटाळून ऐकत असतो, याचं कारण हेच.

एक उदाहरण धरू. दोन चुलत भावांचं बांधावरून भांडण झालं. एकाने दुसऱ्याच्या थोबाडीत मारली, ओठ सुजला, तेवढ्यावर मिटलं. ही साधी दुखापत, कलम ११५(२). जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तपासही करत नाहीत.

आता तोच हात रिकामा नाही, त्यात विळा आहे, आणि दंडावर दोन टाके पडतील एवढी जखम झाली. दुखापत अजूनही ‘साधी’च आहे, पण कलम बदललं. ११८(१) म्हणतं: गोळी झाडण्याचं, भोसकण्याचं किंवा कापण्याचं साधन, किंवा हत्यार म्हणून वापरलं तर जीव जाऊ शकेल अशी कोणतीही वस्तू, शिवाय आग, तापलेला पदार्थ, विष, आम्ल, स्फोटक, इतकंच काय एखादा प्राणी वापरून दुखापत केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अंगावर कुत्रा सोडणारे या यादीत बसतात, हे फार जणांना ठाऊक नसतं. आणि हा गुन्हा दखलपात्र तर आहेच, शिवाय अजामीनपात्र.

काठीचं आणि दगडाचं काय? इथे ठोकताळा नाही. कापणारं, भोसकणारं हत्यार असेल तर प्रश्नच मिटला. बाकी वस्तूंच्या बाबतीत तिचा आकार, वजन, धार आणि ती कशी वापरली हे पाहिलं जातं. २००५ साली केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार करून दगडाने केलेल्या मारहाणीला लावलेलं ३२६ उतरवून ३२५ वर आणलं, म्हणजे दुखापत गंभीर मानली, पण तो दगड ‘धोकादायक हत्यार’ मानला नाही. लोखंडी पाइप, दांडकं, बाटली, हेल्मेट यांच्यावरून वकिलांची जी झटापट चालते ती याच मुद्द्यावर.

शेतातली अवजारं हा आणखी वेगळा गोंधळ. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याचे नियम नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं पकडतात, पण घरकामासाठी, शेतीसाठी किंवा उद्योगासाठी बनवलेली त्यातून वगळतात. म्हणून ‘कुऱ्हाड तर शेतीची आहे, गुन्हा कसला?’ असा युक्तिवाद गावोगाव ऐकू येतो. तो शस्त्र कायद्यापुरता काही अंशी चालेल. न्याय संहितेला अवजार कशासाठी बनवलं याच्याशी घेणं नाही. ते कापतं आणि त्याने माणूस कापला गेला, एवढं तिला पुरतं.

यापुढचा टप्पा खरा धोक्याचा. दुखापत ‘गंभीर’ कधी होते हे कलम ११६ मध्ये आठ प्रकारांत दिलेलं आहे, आणि ते आपल्या रोजच्या बोलण्यातल्या ‘गंभीर’शी जुळत नाहीत. डोळा किंवा कान कायमचा जाणं, अवयव किंवा सांधा निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं हे कुणालाही कळतं. पण त्याच यादीत आहे हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं. कुठलंही हाड. कुठलाही दात. शेवटचा प्रकार म्हणजे जिवाला धोका पोचवणारी किंवा माणसाला पंधरा दिवस तीव्र वेदनेत ठेवणारी अथवा नेहमीची कामं करू न देणारी दुखापत. जुन्या कायद्यात हे दिवस वीस होते.

आता विळ्याचा वार अडवताना चुलत भावाने हात पुढे केला असं धरा. करंगळीला जखम, वर टाके, पट्टी. रात्री सरकारी दवाखान्यात डॉक्टर एमएलसी (पोलीस प्रकरणाची वैद्यकीय नोंद) नोंदवतात आणि एक्स-रे काढायला सांगतात. प्रमाणपत्रात ओळी असतात जखमेची लांबी-रुंदी-खोली, जागा, किती तासांपूर्वीची, कशाने झाली असावी, आणि शेवटच्या रकान्यात साधी की गंभीर. एक्स-रेमध्ये करंगळीच्या हाडाला केसाएवढी चीर दिसली, तर त्या रकान्यात ‘गंभीर’ येतं. आणि गुन्हा ११८(१) मधून ११८(२) मध्ये जातो: किमान एक वर्ष, कमाल दहा वर्षं, किंवा जन्मठेप, वर दंड. तीन वर्षांची कमाल शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते ती अशा एका फिल्मवर. म्हणूनच अनेक खटल्यांत रेडिओलॉजिस्टची उलटतपासणी जखमी माणसाच्या उलटतपासणीइतकीच जोरात होते, आणि मूळ फिल्म हजर केली नाही, नुसता रिपोर्ट दिला, तर बचाव पक्ष ती फट सोडत नाही.

हेच हाड नुसत्या बुक्कीने मोडलं असतं तर कलम ११७(२): सात वर्षांपर्यंत कैद, पण जामीनपात्र. एकाच मोडलेल्या बोटासाठी एकजण ठाण्यातून जामिनावर घरी आणि दुसरा कोठडीत, यात विसंगती वाटेल, पण कायद्याने हत्याराला मुद्दामच वेगळं काढलं आहे.

हाफ मर्डर

कलम १०९ जखमेवर नाही, हेतूवर उभं आहे. मारणाऱ्याला जीव घ्यायचा होता, किंवा यात जीव जाऊ शकतो हे ठाऊक असूनही त्याने वार केला, हे सिद्ध झालं तर जखम किरकोळ असली तरी ते लागू शकतं. अजिबात जखम नसली तरीही. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, आणि दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. मनातला हेतू कुणी पाहिलेला नसतो, तेव्हा न्यायालय तो बाहेरच्या खुणांवरून ओळखतं: हत्यार कोणतं, वार डोक्या-मानेवर, छाती-पोटावर की हातापायांवर, किती वार, किती जोराने, वार करताना तोंडाने काय म्हटलं. फिर्यादीत ‘तुला आज जिवंत सोडत नाही’ हे वाक्य इतक्या वेळा का सापडतं, हे यावरून लक्षात येईल. ते दर वेळी उच्चारलेलं असतंच असं नाही, हेही न्यायाधीशांना माहीत असतं.

गर्दी असेल तर आणखी एक गोष्ट. वार एकाने केला आणि दुसऱ्याने फक्त हात धरले, तरी दोघांचा इरादा एकच होता असं दिसलं तर कलम ३(५) खाली दोघेही सारखेच जबाबदार. पाच किंवा अधिक जण असतील तर बेकायदा जमाव ठरतो आणि कलम १९० खाली त्या जमावातल्या प्रत्येकावर तोच गुन्हा येतो. घातक हत्यारासह दंगा केल्याबद्दल १९१(३) ची पाच वर्षांपर्यंतची शिक्षा वेगळीच. फिर्यादीत भांडणाच्या ठिकाणी नसलेल्या म्हाताऱ्या बापाचं आणि परगावी नोकरीला असलेल्या भावाचं नाव घुसतं ते याच सोयीमुळे. अशा वेळी हजेरीपट, सीसीटीव्ही, मोबाइलचं लोकेशन, तिकीट जे काही असेल ते पहिल्या आठवड्यातच जपून ठेवावं. सीसीटीव्हीचं चित्रण आपोआप पुसलं जातं आणि दोन महिन्यांनी मागून काही उपयोग नसतो.

महाराष्ट्रात या सगळ्याच्या जोडीला एफआयआरमध्ये बहुधा दोन ओळी असतात. एक ‘आर्म्स ॲक्ट ४/२५’, म्हणजे वर आलेला शस्त्र कायदा, आणि दुसरी ‘महाराष्ट्र पोलीस कायदा ३७(१) सह १३५’. दुसरीचा अर्थ असा, की त्या भागात हत्यार बाळगण्यावर मनाई आदेश होता आणि तो मोडला. प्रत्यक्ष पिस्तूल असेल तर मामला फार वर जातो: परवाना नसलेलं अग्निशस्त्र बाळगणं हा स्वतंत्र गुन्हा आणि त्याचा बेकायदा वापर हा आणखी एक, ज्याला शस्त्र कायद्याच्या कलम २७ खाली किमान तीन वर्षांची कैद आहे.

अटक, पीसीआर, एमसीआर

गुन्हा दाखल झाला म्हणजे अटक झालीच पाहिजे असं नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज काय हे पोलिसांनी लेखी कारणांनिशी दाखवावं लागतं, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे ठासून सांगितलं, आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या नव्या कायद्याच्या, कलम ३५ मध्ये ती नोटीस आहे. म्हणजे एकट्या ११८(१) मध्ये नोटिशीवर भागू शकतं. नोटीस आली की ठरल्या वेळी जायचं. न जाणं हे अटकेला आयतं कारण. ११८(२) आणि १०९ मध्ये हे संरक्षण नाही.

अटक झाली तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं, वैद्यकीय तपासणी आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं बंधनकारक आहे. वैद्यकीय तपासणीला किरकोळ समजू नये. आरोपीच्याही अंगावर मार असेल तर तो त्याच वेळी डॉक्टरला दाखवून नोंदवून घ्यावा. पुढे स्वसंरक्षणाचा बचाव घ्यायचा झाला तर हाच कागद लागतो, आणि आरोपीच्या मोठ्या जखमांचा खुलासा सरकार पक्षाला देता आला नाही तर त्यांच्या कहाणीवरच शंका येते.

रिमांडच्या वेळी कोर्टात दोन शब्द ऐकू येतात. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, म्हणजेच जेल. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांच्या वर मिळत नाही. मात्र नव्या कायद्यात ते दिवस सलग सुरुवातीलाच घ्यावे लागत नाहीत, गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येतात. पोलीस कोठडी मागण्याचं ठरलेलं कारण म्हणजे ‘गुन्ह्यात वापरलेलं हत्यार हस्तगत करायचं आहे’.

ते कसं हस्तगत होतं हेही पाहण्यासारखं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. पण आरोपीने ‘विळा जिथे लपवला ती जागा दाखवतो’ असं दोन पंचांसमोर सांगितलं, त्याचा निवेदन पंचनामा झाला, मग सगळे गाडीत बसून त्या जागी गेले आणि विळा सापडला, तर त्या सांगण्यातला शोधाशी थेट जोडलेला भाग तेवढा पुराव्यात येतो. ‘मी मारलं’ हा भाग गळतो, ‘इथे ठेवला’ हा राहतो. विळा कागदात गुंडाळून, पंचांच्या सह्यांचं लेबल लावून, लाखेने सील करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रक्ताच्या तपासणीसाठी जातो. जप्तीचं चित्रीकरण आता कायद्यानेच सक्तीचं आहे, आणि वर्षानुवर्षं ठाण्यात बसूनच लिहिल्या गेलेल्या पंचनाम्यांवर मला दिसणारा हा सगळ्यात चांगला उतारा आहे.

जामिनाबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज ‘अजामीनपात्र म्हणजे जामीन नाही’ हा. अजामीनपात्र म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही, न्यायालय ठरवतं. जखमी माणूस धोक्याबाहेर आहे का, हत्यार मिळालं का, आरोपी साक्षीदारांवर दबाव आणेल का, आधीचे गुन्हे किती, यावर ते ठरतं. अटकेआधी सत्र किंवा उच्च न्यायालयात अटकपूर्व जामीन मागता येतो. आणि एक हक्काचा जामीनही आहे: ठरल्या मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही तर. ११८(१) ला ती मुदत साठ दिवस, ११८(२) आणि १०९ ला नव्वद. पण अर्ज करावा लागतो, आपोआप कुणी सोडत नाही. एकसष्टाव्या दिवशी सकाळी अर्ज गेला नाही आणि दुपारी दोषारोपपत्र आलं, तर हक्क गेला. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, रिमांडच्या पहिल्या दिवसापासून.

‘केस मागे घेतो’

पंधरा दिवसांनी गावातली चार माणसं बसतात, दोन्ही भाऊ गळ्यात गळे घालतात आणि फिर्यादी म्हणतो, ‘केस मागे घेतो.’ त्याला ती घेता येत नाही. एफआयआर झाल्यावर खटला सरकार विरुद्ध आरोपी असा असतो. फिर्यादी त्यात साक्षीदार उरतो. कोणते गुन्हे आपसात मिटवता येतात याची यादी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. थोबाडीत मारण्याचं ११५(२) त्यात आहे, बुक्कीने हाड मोडण्याचं ११७(२) न्यायालयाच्या परवानगीने आहे. ११८ नाही. १०९ तर नाहीच.

मग रस्ता उरतो उच्च न्यायालयाचा. त्याच संहितेच्या कलम ५२८ खाली दोन्ही बाजू मिळून गुन्हा रद्द करण्याची विनंती करतात. घरगुती किंवा शेजाऱ्यांतला वाद असेल, जखम भरून आली असेल तर न्यायालय ऐकतं. ‘हाफ मर्डर’मध्ये मात्र हात आखडता असतो. २०१४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कलम नुसतं नावापुरतं लावलंय का हे जखम शरीराच्या नाजूक भागावर आहे का आणि हत्यार कसलं होतं, यावरून पाहा. पुन्हा तेच दोन प्रश्न.

तडजोडीचा दुसरा, न बोललेला मार्ग म्हणजे साक्षीत फिरणं. साक्षीदार फितूर झाला की खटला पडतो, असं सर्रास मानलं जातं. शपथेवर खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि डॉक्टरचा कागद, सीसीटीव्ही, विळ्यावरचं रक्त फितूर होत नाही. समेट झाला असेल तर तो उघडपणे न्यायालयापुढे ठेवावा. गुन्हा मिटला नाही तरी शिक्षा ठरवताना तो विचारात घेतला जातो.

दोन्ही बाजूंनी एकमेकांवर गुन्हे दाखल केले असतील, म्हणजे क्रॉस केस असेल, तर दोन्ही खटले एकाच न्यायाधीशापुढे एकामागून एक चालावेत असा दंडक आहे. खटला संपेपर्यंत सरकार पक्षाला वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं, आणि त्यात जखमी साक्षीदाराच्या शब्दाला जास्त वजन असतं, कारण खरा मारेकरी सोडून तो दुसऱ्याचं नाव कशाला घेईल. स्वसंरक्षणाचा हक्क कायदा देतो, पण गरजेपुरताच. समोरचा पळत असताना मागून घातलेला घाव त्यात बसत नाही. अचानक आणि तीव्र चिथावणीतून हात उठला असेल तर कलम १२२ ची शिक्षा बरीच हलकी आहे.

शिक्षेत एक तांत्रिक गंमत. ११८(२) चा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालू शकतो, आणि त्याला तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देण्याचा अधिकारच नाही. जास्त द्यावीशी वाटली तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवावं लागतं, त्यांची मर्यादा सात वर्षं. सोबत १०९ असेल तर मात्र सगळंच सत्र न्यायालयात. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची १९५८ च्या परिवीक्षा कायद्याची सवलत ११८(१) ला मिळू शकते. ११८(२) ला नाही, कारण त्यात जन्मठेप लिहिलेली आहे. प्रत्यक्षात कुणालाही जन्मठेप होणार नसली तरी तो एक शब्द अशा कितीतरी दारांना कडी लावतो. पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडण्याची तरतूदही त्याच शब्दापाशी अडते.

निकालाआधीच सुरू होणारे परिणाम

सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की निलंबित झाल्याचं मानलं जातं, खटला खरा की खोटा हा प्रश्न तिथे येतच नाही. फौजदारी खटला चालू असताना पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो. परदेशी जायचं तर त्या न्यायालयाची परवानगी आणावी लागते. बंदुकीचा परवाना जाऊ शकतो. दोन किंवा अधिक वर्षांची शिक्षा झाली तर विधानसभा आणि लोकसभेची निवडणूक शिक्षेच्या काळात आणि सुटकेनंतर सहा वर्षं लढवता येत नाही. एकाहून अधिक गुन्हे जमले तर पोलीस तडीपारीचा प्रस्ताव पाठवू शकतात, म्हणजे दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर. त्याला एकाही खटल्यात दोषी ठरलेलं असावं लागत नाही.

आणि मग नोकरीचे फॉर्म. ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?’ या रकान्यात निर्दोष सुटलेली माणसं बिनधास्त ‘नाही’ लिहितात, आणि चारित्र्य पडताळणीत पोलीस ठाण्याच्या नोंदीतून ते बाहेर येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या विषयावर सविस्तर निकाल दिला: खरं सांगितलं तरी नोकरी द्यायलाच हवी असं बंधन नाही, पण माहिती लपवली हे एकटं कारणही नोकरी जायला पुरू शकतं. तेव्हा तिथे ‘होय’ लिहून पुढे खटल्याचा क्रमांक आणि निकालाची तारीख टाकावी, आणि निकालपत्राची प्रमाणित प्रत सोबत जोडावी. ती सुटकेच्या दिवशीच कोर्टाच्या नकल विभागात अर्ज करून दोन-तीन प्रतींत घेऊन ठेवलेली बरी.